टरफलं जरूर ठेवा, पण घरट्यापाशी नको

*"आम्ही कराडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. पुढच्या गॅलरीत ग्रिलवर मधुमालतीचा वेल चढवलाय, त्यात बुलबुलनं घरटं केलंय. तीन अंडी होती, परवा तिन्ही पिल्लं बाहेर आली. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, की अंड्याची टरफलं कुटून पक्ष्यांना दिली तर पिल्लांची हाडं मजबूत होतात. आमच्याकडे अंडी येत नाहीत, म्हणून शेजारच्या वहिनींकडून चार टरफलं आणली, कुटली आणि वाटीत घालून घरट्याला लागूनच ग्रिलला बांधली. त्यानंतर दोन्ही बुलबुल समोरच्या केबलवर बसून ओरडत राहिले, तासभर आत आलेच नाहीत. घाबरून वाटी काढली. सासूबाई म्हणतात, घरात अंड्याचं काही नको, आणि पाखरांना पाखराचंच अंडं खायला घालणं हे पाप आहे. मुलगी आठ वर्षांची आहे. ती म्हणते, टरफलाची पूड दुधात कालवून ड्रॉपरनं पिल्लांना पाजूया. मागच्या बाजूला धुण्याच्या जागेत लाकडी पेटी लावलीय, तिथे चिमण्या आठवडाभर गवत आणि कापूस आणतायत. मागे एक पडका वाडा आहे, त्याच्या भिंतीला त्या संध्याकाळी चोची मारत बसतात, काय खातात कोण जाणे. माझं चुकलं का? टरफलं द्यायची की नाही?"*

एक वाचक, कराड

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी दोन ओळी कळवल्या होत्या: वाटी परत लावू नका, दूध आणि ड्रॉपर नको, गॅलरीचं दार लोटून घ्या आणि आतून पाहा. संध्याकाळी तुमचा निरोप आला, की मादी येऊन घरट्यावर बसली आणि तिच्या पोटाखालून तीन चोची वर येतायत. जीव भांड्यात पडला. दोन दिवसांच्या पिल्लांना डोळे उघडलेले नसतात, अंगावर पीस नसतं, आणि एप्रिलचं ऊन ग्रिलमधून आत येतं. अशा वेळी आई पंख थोडे फाकवून नुसती सावली धरून उभी असते. तो एक तास पिल्लांना जड गेला असणार, पण निभावलं. आता सविस्तर लिहिते, कारण या महिन्यात असंच विचारणारी पत्रं बरीच येतात आणि तुमच्या पत्रात प्रश्नाबरोबर उत्तरही आलंय.

ते उत्तर शेवटच्या दोन प्रश्नांच्या आधीच्या वाक्यात आहे. चिमण्या पडक्या वाड्याच्या भिंतीला चोची मारतात, तेही संध्याकाळी. तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी ती ओळ तीनदा वाचली.

जुन्या वाड्यांच्या भिंती चुन्याच्या असायच्या. वाळू आणि कळीचा चुना बैलाच्या घाण्यात मळून गिलावा व्हायचा. तसला दगडी घाणा आपल्या किल्ल्यांवर अजून पाहायला मिळतो. भिंतीवर गेलेला ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि वर्षानुवर्षांत पुन्हा दगडासारखा होतो. त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. अंड्याचं टरफलही त्याचंच बनलेलं असतं, १०० भागांतले ९४-९५ भाग. म्हणजे वाड्याची भिंत आणि अंड्याचं टरफल चिमणीच्या लेखी एकाच दुकानातला माल. तुमच्या चिमण्यांनी आपला चुना आधीच शोधून ठेवलाय.

आता संध्याकाळच का? चिमणी साधारण ३ ते ५ अंडी घालते, रोज एक, पहाटे किंवा सकाळी लवकर. अंड्यावर कवच चढतं ते मुख्यतः आदल्या रात्री, ती झोपलेली असताना. रात्री चरायला जाता येत नाही. त्यामुळे कवचाला लागणारा चुना अंधार पडायच्या आत पोटात असावा लागतो. कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याला हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करून ठेवता येतो आणि ती लागेल तसा तो काढते. चिमणीसारख्या लहान पक्ष्याकडे ती शिल्लक फार थोडी. कॅल्शियमच्या बाबतीत तिचं हातावरचं पोट. आजचं आज मिळवायचं आणि आज रात्री वापरायचं.

हे ओझं केवढं असतं तेही सांगते. चिमणीचं स्वतःचं वजन २५ ते ३० ग्रॅम. तिचं एक अंडं पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. चार अंडी म्हणजे चार दिवसांत अकरा ग्रॅम, तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. दाण्यांत, पोळीच्या तुकड्यांत, तांदळात कॅल्शियम नावालाच असतं. अळ्या-किड्यांतही कमीच. म्हणून जंगलात, बागेत, परड्यात हे पक्षी बारक्या गोगलगायींची कवचं शोधतात, माती चिवडतात, खडे वेचतात. पण एप्रिलमध्ये गोगलगायी असतात कुठे? कवचाचं तोंड बंद करून विटांखाली, मुळांशी दडी मारून बसतात, त्या निघतील मृगाच्या पावसाला. आणि दुसऱ्या मजल्यावर तर मातीही कुंडीतलीच. उरतो तुमच्या मागचा वाडा, तोही उद्या पाडला जाईल आणि तिथे सिमेंटची इमारत उभी राहील.

कॅल्शियम कमी पडलं तर काय होतं याचा दाखला नेदरलँड्समधला आहे. तिथल्या काही जंगलांत १९८० च्या दशकात ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची निघू लागली. काही अंडी फुटायची, काही वाळून जायची, काही माद्या अंड्याविनाच रिकाम्या घरट्यावर बसून राहायच्या. संशोधकांनी माग काढला तेव्हा धागा गोगलगायींपाशी पोचला. आम्लवर्षेनं मातीतलं कॅल्शियम धुवून नेलं होतं, त्यामुळे गोगलगायी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या, आणि त्यामुळे टिटच्या कवचाला माल मिळत नव्हता. मग त्यांनी पेट्यांपाशी गोगलगायींची कवचं आणि कोंबडीच्या अंड्याची टरफलं ठेवली, आणि खराब अंड्यांचं प्रमाण खाली आलं. १९९४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत तथ्य आहे ते इथवर.

पुढचं वाक्य मात्र त्यात अर्धवट सांगितलंय. "पिल्लांची हाडं मजबूत होतात" हे खरं, पण कशी? पिल्लू अंड्यात असतानाच आपली हाडं बनवायला कॅल्शियम घेतं ते भोवतीच्या कवचातून. आतून कवच थोडं थोडं विरघळत जातं, पातळ होतं, आणि म्हणूनच शेवटी त्या एवढ्याशा चोचीला ते फोडता येतं. म्हणजे पिल्लाच्या हाडांतला पहिला चुना आईनं अंडी घालण्याच्या आठवड्यात खाल्लेला असतो. तुमच्या बुलबुलच्या पिल्लांसाठी ती वेळ तीन आठवड्यांपूर्वी गेली. तुमच्या चिमणीसाठी ती वेळ आत्ता आहे. गवत संपून कापूस-पिसं येऊ लागली की घरटं आतून मऊ करायचं काम चाललेलं असतं, अंडी चार-सहा दिवसांवर आली समजा.

तेव्हा ताई, टरफलं द्या. चिमण्यांना द्या, आणि मागच्या बाजूला द्या. कशी ते नीट सांगते, कारण नुसती कुटून ठेवणं धोक्याचं असतं.

कच्च्या अंड्याच्या टरफलावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. कोंबडीला ते बाधोत न बाधोत, चिमण्यांत रोग पसरवायला पुरेसे असतात, आणि ताटली हाताळणाऱ्या तुमच्या मुलीलाही. म्हणून टरफलं आधी वाहत्या पाण्याखाली धुवायची, आतला बलक-पांढरं राहू द्यायचं नाही, आणि मग उकळत्या पाण्यात पूर्ण दहा मिनिटं ठेवायची. ओव्हन असेल तर १२० अंशांवर वीस मिनिटं. नुसतं उन्हात वाळवणं पुरत नाही. वहिनींकडे उकडलेल्या अंड्यांची टरफलं मिळाली तर अर्धं काम झालेलंच असतं, तरी मी पुन्हा एक उकळी देते. मग कागदावर पसरून खडखडीत वाळवायची. आतला पातळ पापुद्रा सुटून आला तर काढा, नाही आला तर राहू दे.

वाळलेली टरफलं फडक्यात गुंडाळून वरून लाटणं फिरवा. खलबत्त्यात घातली तर हात जपून चालवा, नाहीतर पीठ होतं. पीठ वाऱ्यानं उडून जातं आणि चिमणीला ते उचलताही येत नाही. तांदळाच्या कणीएवढे तुकडे हवेत, काही थोडे मोठे चालतील. धारदार कडांची काळजी करू नका, चिमणीच्या पोटात खडे असतात ते याहून कठीण, आणि एवढ्या तुकड्याचं तिथे बघता बघता पीठ होतं. पण अर्धवट फुटलेलं, अंड्यासारखं दिसणारं टरफल कधीच ठेवू नका. कोंबड्या पाळणाऱ्या बायकांना हे ठाऊक असतं. त्या टरफल ओळखू येणार नाही इतकं चुरूनच टाकतात, नाहीतर कोंबडीला स्वतःची अंडी फोडायची खोड लागते असं त्या सांगतात.

ठेवायचं किती? कोंबडीच्या एका अंड्याचं नुसतं टरफल पाच-सहा ग्रॅम भरतं, चिमणीच्या दोन अख्ख्या अंड्यांएवढं. एका जोडीला एक टरफल आठवडाभर पुरून उरतं. चहाचा एक चमचा चुरा, मातीच्या पसरट पणतीत किंवा बशीत, दाण्यांत न मिसळता वेगळा. वेगळा अशासाठी की कधी आणि किती घ्यायचं ते पक्ष्याला कळतं, आपण दाण्यातून ते त्याच्या पोटात ढकलू नये. आमच्याकडे मी पाहते, नर चुऱ्याच्या बशीला तोंडही लावत नाही, दाणे टिपून निघून जातो. मादी मात्र सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी येते, एक तुकडा उचलते, चोचीत आडवा-उभा फिरवते, टाकते, दुसरा घेते. नुसत्या तुकड्याचा कट् असा आवाज येतो, आणि मग मान उंच करून गिळते. अंडी पूर्ण झाली की पुढचे काही दिवस ती बशीकडे बघतही नाही.

बशी पेटीपासून चांगली आठ-दहा पावलं दूर, उघड्यावर, मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी. धुण्याची जागा अरुंद असेल तर गच्चीच्या कठड्यावर ठेवा. ओला झालेला चुरा फेकून द्या आणि बशी दर दोन-तीन दिवसांनी धुवा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या म्हणण्यात मला हट्ट दिसत नाही, भूतदया दिसते. त्यांना एवढंच सांगा, की पिल्लू बाहेर आल्यावर रिकामं टरफल बरेचसे पक्षी स्वतः खाऊन टाकतात, आईनं दिलेला चुना आईकडे परत जातो. पाप-पुण्याचा हिशेब पाखरांनीच असा मिटवलाय. तरीही स्वयंपाकघरात अंड्याचं भांडं नको असेल तर तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यासाठी घरात वाद घालायचं कारण नाही. कोंबडीखाद्याच्या दुकानात चुनखडीची बारीक खडी मिळते, तिला ग्रिट म्हणतात. तिला अंड्याचा स्पर्शही नसतो. तीच एक चमचा ठेवा. तिथेच शिंपल्यांचा चुराही असतो, तोही उत्तम. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, पिंजऱ्यातल्या पोपटांना देतात तो. समुद्रफेस म्हणजे माकूल या समुद्री प्राण्याच्या पाठीतलं कवच, हे सासूबाईंना आधी सांगून मगच आणा. आणलात तर रात्रभर पाण्यात ठेवून त्याचा खारटपणा घालवा, वाळवा आणि किसणीवर किसा.

एक गोष्ट मात्र अजिबात नको, आणि हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं: पानाचा चुना. एका वाचकानं गेल्या वर्षी कळवलं होतं, "चुनाच हवा ना, मग डबीतला घातला." खाण्याचा चुना आणि भिंतीतला जुना चुना यांचं नाव एक, जात वेगळी. डबीतला चुना अजून कच्चा आहे, दाहक आहे. आपल्याही जिभेला तो नखभर, पानात गुंडाळूनच चालतो. चिमणीचा घसा त्यानं जळेल. खडूही नको, फळ्यावरचे बरेच खडू जिप्समचे असतात, त्यात रंग आणि चिकट पदार्थ असतात. कॅल्शियमच्या गोळ्या पाण्यात विरघळवून ठेवण्याचा सल्लाही फिरतो. तोही सोडून द्या. त्यात बहुतेकदा माणसाच्या हिशेबानं ड जीवनसत्त्व घातलेलं असतं आणि तहानलेल्या पक्ष्याला ते पाणी टाळता येत नाही.

आता बुलबुलचं. इथे मला माझं एक चुकलेलं सांगायलाच हवं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या सांगलीच्या घरी जास्वंदीत बुलबुलचं घरटं होतं. छातीइतक्या उंचीवर, वाटीएवढं, कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेलं. मीही तुमच्यासारखंच कुठेतरी ऐकलं, टरफलं कुटली आणि खालच्या फांदीला नारळाची करवंटी टांगून त्यात घातली. आईला लांब जायला नको, एवढाच विचार. बुलबुल करवंटीकडे फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कावळा आला. पांढरे तुकडे त्यानं कुंपणावरूनच हेरले असणार. करवंटीत चोच घालून तुकडे खाल्ले, मान वाकडी करून वर पाहिलं आणि उडून गेला. मी हाकललं, मला वाटलं झालं. दुपारी जेवून येईपर्यंत घरटं एका बाजूला लोंबत होतं आणि आत काही नव्हतं. दोन्ही बुलबुल संध्याकाळपर्यंत चोचीत किडे घेऊन त्या फांदीवर येत होते. ते किडे कोणाला द्यायचे हे त्यांना कळत नव्हतं. मी ते दार लावून घेतलं, कारण बघवेना.

पुढे कधीतरी प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक निको टिंबर्गन यांच्या कुरव (सीगल) पक्ष्यांवरच्या कामाविषयी वाचलं आणि माझं नेमकं कुठे चुकलं ते उमगलं. काळ्या डोक्याचा कुरव, जो हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरही येतो, तो इंग्लंडमध्ये जमिनीवर अंडी घालतो. पिल्लू बाहेर पडल्यावर कुरव थोड्या वेळात रिकामं टरफल चोचीत धरतो आणि दूर नेऊन टाकतो. घरटं आणि कोवळी पिल्लं काही क्षण उघडी टाकून जातो, म्हणजे ते काम तेवढं निकडीचं असणार. टिंबर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास प्रयोग केले: काही अंड्यांशेजारी फुटकं टरफल ठेवलं, काहींपासून ते दूर ठेवलं. टरफल जितकं जवळ, तितकी जास्त अंडी कावळ्यांनी आणि मोठ्या कुरवांनी पळवली. बाहेरून अंडं मातीच्या रंगाचं, पण फुटलेल्या टरफलाची आतली बाजू पांढरीशुभ्र, लांबून चमकणारी. १९७३ चं नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी टिंबर्गन एक.

तुमच्या बुलबुलनंही परवा तेच केलं असणार. तीन पिल्लं बाहेर आली, तीन टरफलं झाली, ती घरट्यात दिसली का तुम्हाला? नाहीत ना. खाल्ली किंवा दूर टाकली. आणि दुसऱ्याच दिवशी आपण चार अंड्यांची टरफलं आणून तिथेच टांगली. केबलवर बसून ती दोघं ओरडत होती ती नव्या वस्तूला भिऊन. वाटी निघाल्यावर आली, म्हणजे विश्वास तुटलेला नाही. तुमच्या हातून काही वाईट झालं नाही, ताई. कावळ्याच्या आधी तुम्ही वाटी काढलीत. मला तेवढं सुचलं नव्हतं.

पिल्लांना टरफलाची गरज नाही असं नाही. हाडं भराभर वाढतात तेव्हा आई-बाप त्यांना अळ्या-नाकतोड्यांबरोबर कधी गोगलगाय, कधी कवचाचा तुकडा भरवतात. कितव्या दिवशी, केवढा, हे त्यांना ठाऊक. आपण जास्त दिलं तर काय होतं हे पोल्ट्रीवाले सांगतील: अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, पिल्लांच्या खाद्यात १ टक्क्याच्या आसपास. चुकून मोठ्यांचं खाद्य पिल्लांना घातलं तर त्यांचे मूत्रपिंड खराब होतात. कोंबडीच्या पिल्लाची ही गत, तर हे करंगळीच्या पेराएवढं बुलबुलचं पिल्लू.

आणि दूध तर नकोच. पक्ष्यांना दूध पचत नाही. शिवाय पिल्लाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ड्रॉपरचा एक थेंब तिकडे गेला की पिल्लू गुदमरतं. त्यांना वेगळं पाणीही लागत नाही, अळीत आणि फळात असतं तेवढं पुरतं.

बुलबुलसाठी तुम्हाला करता येईल ते कुंड्यांत आहे. पुढचे पंधरा दिवस मधुमालतीवर, गुलाबावर कसलीही फवारणी करू नका. ज्या अळ्या तुम्हाला कीड वाटतात तोच त्या तिघांचा डबा आहे. आणि पावसाळा लागला की कुंड्यांतल्या बारक्या गोगलगायी मारायला दुकानातून गोळ्या आणू नका. शेतात मोठ्या आफ्रिकन गोगलगायींनी काय केलं ते मला माहीत आहे, २०२२ मध्ये लातूर-बीडकडे सोयाबीनची उगवलेली रोपं त्यांनी फस्त केली, तिथल्या शेतकऱ्याला मी शहाणपण शिकवणार नाही. पण गॅलरीतल्या चार गोगलगायी हातानं वेचून बाहेर टाकता येतात. विषाची गोळी खाल्लेली गोगलगाय चिमणीनं उचलली, तर ज्या कवचासाठी ती आली तेच तिच्या जिवावर बेततं.

कोणी सोसायटीत "घाण होते, घरटं काढा" म्हणालं तर शांतपणे सांगा, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बुलबुलला संरक्षण दिलंय, घरटं आणि अंडी यांना हात लावणं त्यात गुन्हा आहे. बहुतेकदा एवढ्यावर विषय संपतो.

राहिली तुमची मुलगी. तिला "हात लावू नको" एवढंच सांगितलंत तर ती हिरमुसेल, आणि काळजी करणारं पोर हिरमुसू नये. तिला वही द्या. सकाळी शाळेच्या आधी दहा मिनिटं आतून काचेतून बघायचं, आई-बाप किती वेळा आले आणि चोचीत काय होतं ते लिहायचं: हिरवी अळी, उडता किडा, लाल फळ. बारा-तेरा दिवसांची झाली की पिल्लं घरटं सोडतील. तेव्हा त्यांना नीट उडता येत नसतं, शेपटी आखूड असते, ती वेलीत धडपडत फिरतील. तेव्हा उचलायला धावू नका, आई-बाप तिथेच येऊन भरवतात. नागडं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तरच अलगद उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही.

मागच्या बाजूची बशी मुलीच्या ताब्यात द्या. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास भरायची, दुसऱ्या दिवशी किती तुकडे गेले ते मोजायचं, मग हात साबणानं धुवायचे. चिमणी अंड्यांवर बसली की साधारण ११ ते १४ दिवस. त्या दिवसांच्या शेवटी गच्चीत, पार्किंगमध्ये, पेटीपासून लांब कुठेतरी जमिनीवर बघत जायला सांगा. तपकिरी ठिपक्यांचं, तिच्या अंगठ्याच्या नखाएवढं अर्धं टरफल सापडेल. त्याची कड नीट पाहा. पिल्लानं रुंद टोकाकडून आतून गोल कापत आणून टोपी काढावी तसं ते उघडलेलं असतं. कडेवर आतला पापुद्रा किंचित बाहेर आलेला असेल. बोटांत धरलं तर कागदासारखं पातळ लागेल. सापडलं की मला कळवा, आणि ते पेटीपासून किती पावलांवर पडलं होतं तेही लिहा.